उंटातून काय घेतलं?

२२ जून, रविवार. स्थळ : आमचं घर, हुडकेश्वर, नागपूर. उपस्थित : आई, माझा धाकटा भाऊ राजू (सावनेरहून), त्याची मुलगी मैत्री, वय सोळा, मे महिन्यापासून शिक्षणासाठी आमच्याकडे, माझे यजमान सुधाकर, आणि मी. अनुपस्थित : वहिनी, दवाखान्यात ड्युटी असल्यामुळे. विषय : मैत्रीचं अवांतर वाचन.

घरच्या बैठकीची अशी नोंद ठेवायची आमच्याकडे जुनी रीत आहे. माझे वडील खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते आणि वसाहतीतल्या विहाराच्या समितीचे कितीतरी वर्षं सचिव. समितीची शिस्त त्यांनी घरात आणली. फ्रिज घ्यायचा की नाही इथपासून माझ्या लग्नापर्यंत सगळं बैठकीत ठरलं. बाबा गेल्यावर नोंदीचं काम माझ्याकडे आलं. मी सरकारी कार्यालयात आस्थापना विभागात आहे; लोकांच्या रजा, बदल्या आणि वेतनवाढी लिहून ठेवणं हाच माझा दिवस, त्यामुळे ते मला जड गेलं नाही.

मागच्या वर्षीची ती नोंद पाच-सहा ओळींची आहे आणि तिच्यात चूक काही नाही. पण यंदाचा मे आला, कूलरची खस बदलली, पहिल्या दिवशीचा तो ओला वास घरभर पसरला आणि त्या ओळींमध्ये जे मावलं नव्हतं ते माझ्या मागे लागलं.

नागपूरचा मे दुपारी माणसाला घरात कोंडतो. रस्ते ओस पडतात. टरबुजाचा गाडीवाला गाडीखालीच आडवा होतो. त्या उन्हात बाहेर दिसतात ती फक्त क्लासची मुलं. डोक्यापासून हनुवटीपर्यंत दुपट्टा गुंडाळलेला, डोळे तेवढे उघडे, पाठीवर ओझं. दहावीचा निकाल लागायच्या आत यांची अकरावी सुरू झालेली असते. चौकाचौकांत मोठे फलक आहेत आणि त्यांवर गेल्या वर्षी डॉक्टरकीला लागलेल्या मुलांचे चेहरे. आमच्या लहानपणी एवढ्या मोठ्या फलकांवर सिनेमे असायचे. आम्ही बसमधून जाताना ते वाचायचो आणि कोण नट, कोण नटी यावर भांडायचो. आताच्या फलकांवरच्या मुलांना कुणीच ओळखत नसतं आणि कुणी त्यांच्यावरून भांडत नाही. खालून जाणारी मुलं मान वर न करता जातात.

आमच्या खापरखेड्याच्या उन्हाळ्यात वेगळंच ओझं होतं, पण त्याचा तेव्हा त्रास वाटला नाही. वसाहतीतल्या झाडांच्या पानांवर राखेचा थर बसलेला असे. बोटाने त्यावर नाव लिहिता यायचं. राजू स्वतःचं नाव लिहायचा आणि माझं नाव लिहून पुसायचा. दुपारी मोठ्या खोलीत पोतं ओलं करून खिडकीला बांधलेलं, आजोबा खुर्चीत, आणि आम्ही दोघं त्यांच्यासमोर पुस्तक घेऊन मांडी घालून.

आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. अंगठा लावायचे. नंतर, मुलं शाळेत जाऊ लागल्यावर, ते वाचायला शिकले, आणि शिकल्यावर घरात पुस्तकाचे नियम त्यांनीच घातले. हात धुतल्याशिवाय पुस्तकाला शिवायचं नाही. जमिनीवर ठेवायचं नाही, पालथं घालायचं नाही, आणि झोपून वाचायचं तर नाहीच. राजू एकदा पालथा पडून वाचताना सापडला. आजोबा ओरडले नाहीत. म्हणाले, "आपल्याले हात लावू देत नव्हते याले. अन् तू पाय पसरून वाचशीन?"

संध्याकाळी वंदना झाली की ते एकेकाला विचारत, "आज काय घेतलं?" म्हणजे वाचलेल्यातून काय घेतलं. एक गोष्ट सांगायची, मग जेवायचं. मी त्यात लवकर तरबेज झाले. शेजारच्या काकूंकडच्या जुन्या दिवाळी अंकातली खोडकर गोष्ट वाचली तरी तिच्यातून मी काटकसर काढून दाखवायचे, नाहीतर प्रामाणिकपणा. राजूला ते जमत नसे. तो म्हणायचा, "काही नाही घेतलं. मजा आली." आजोबा म्हणत, "पुन्हा वाच."

तो राजू आता सावनेरजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. चांगला मास्तर आहे. गावातली मुलं सुट्टीतही त्याच्या दारात येतात. मैत्री आमच्याकडे राहायला आली त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी मोबाइलवर तिचा चेहरा बघून विचारतो, "आज काय घेतलं, बेटा?"

मैत्री म्हणजे चिवड्याचा पुडा संपला की पुड्याचा कागद उलगडून वाचणारी मुलगी. लग्नाच्या पंगतीत ती आहेरांच्या पाकिटांवरची नावं वाचून खिदळायची. दहावीत तिला भरपूर मार्क मिळाले आणि तिथेच तिचं पुढचं ठरलं. डॉक्टर. तिला कुणी ढकललं असं म्हणता येणार नाही. तीही हो म्हणाली होती. मी तिच्यासाठी खोली लावली, टेबल खिडकीजवळ घेतलं, वेळापत्रक करून भिंतीला चिकटवलं. क्लास, जेवण, विश्रांती, अभ्यास. विश्रांतीच्या चौकोनात हिरवा रंग दिला.

जून उजाडला तेव्हा ती त्या टेबलाशी तासन्‌तास बसलेली असायची. पुस्तक उघडं, नजर पानावर आणि पान तेच. मी पाणी ठेवायला जायचे, कपडे घ्यायला जायचे, पान तेच. कंगव्यात केसांचे गुंतवळ. ताटात पोळीचे बारीक तुकडे करून ठेवायची आणि म्हणायची, "जेवून राहिली ना आत्या."

चौकातल्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, ते बरोबर निघालं. मग त्यांनी मला विचारलं, "हिच्या दिवसात असं काय आहे, ज्याचे मार्क मिळत नाहीत?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिचं वेळापत्रक मनातल्या मनात वरून खाली वाचत गेले. सकाळचा व्यायाम, त्याचीही क्लासमध्ये हजेरी आणि गुण. दुपार, संध्याकाळ. हिरव्या चौकोनात ती चुकलेली गणितं बघायची.

"काहीतरी हलकं वाचायला द्या," बाई म्हणाल्या. "हसू येईल असं. आणि वाचल्यावर काय वाचलं ते विचारू नका."

कामाचं नाव ठरलं की मला बरं वाटतं. बाहेर येऊन रिक्षाची वाट बघतानाच मी अटी ठरवल्या. मराठी पाहिजे. बाळगोपाळांसाठी नको, मोठ्यांसाठीही नको. नायिका तिच्या वयाची असली तर उत्तम. कुणी मरू नये. शेवटी कुणी पहिलं येऊ नये.

ही शेवटची अट सगळ्यांत अवघड निघाली.

सीताबर्डीवरच्या एका मोठ्या दुकानात गेले. दुकानदार माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर चढवलेला.

"मुलगी केवढी आहे?"

"सोळा."

"मग व्यक्तिमत्त्व विकासाचं देतो."

"नको. हसायचं पाहिजे."

"चुटके?"

"गोष्ट. लांब गोष्ट, गमतीची."

त्याने मला सशांच्या आणि हत्तींच्या कपाटापाशी नेलं. तिथे मी मान हलवली, तर मोठ्यांच्या विनोदी पुस्तकांपाशी. एक उघडून पाहिलं. नवरा बायकोच्या स्वयंपाकाची टिंगल करत होता. दुसऱ्यात बायको जाड होती.

"हे सोळा वर्षांच्या मुलीला देऊ?"

"खपतात मॅडम."

"तिच्या वयाचं काहीच नाही?"

त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. "खरं सांगू का? या वयाची पोरं दुकानात येतात ती गाईड मागायले. अन् मायबाप येतात ते म्हणतात, काही प्रेरणादायी द्या."

"प्रेरणा तिला खूप झाली."

तो हसला. मग मागच्या खोलीत जाऊन शोधून आला आणि रिकाम्या हातांनी परत आला. मला तो माणूस आवडला.

आमच्या भागातल्या वाचनालयात बालविभाग होता, रंगीत खुर्च्यांचा. त्याला लागून मोठी अभ्यासिका, तिथे स्पर्धा परीक्षांची मुलं माना खाली घालून बसलेली. ग्रंथपाल बाईंना मी विचारलं, "मधल्या वयाचं कपाट कुठे आहे?" त्यांनी बालविभागाकडे पाहिलं, अभ्यासिकेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मधल्या वयाचं असं वेगळं नाही काढलं आपण." दोन खोल्यांच्या मधे एक दार होतं. मुलं इकडून उठून तिकडे बसतात, मधे कुठेच टेकत नाहीत, हे मला तिथे उभं राहून पहिल्यांदा दिसलं.

मैत्रीच्या क्लासमधल्या मैत्रिणी इंग्रजी कादंबऱ्या वाचतात, जाडजाड. एक मी तिच्यासाठी आणलीही. तिने थोडी वाचून परत दिली. "समजते आत्या. पण इंग्लिशमध्ये मले हसू उशिरा येते. तोपर्यंत ते लोक पुढं निघून जातात."

शेवटी पुस्तकं मिळाली ती ऑफिसातल्या पांडे मॅडमकडून. त्यांची मुलं मोठी होऊन परगावी गेली होती, घर आवरताना त्यांनी एक पिशवी भरून आणली. रद्दीत टाकवत नाहीत म्हणाल्या. त्यात एक पातळसं पुस्तक होतं. एका तालुक्याच्या गावातला मामा बंद पडलेल्या सर्कशीतला उंट विकत घेतो, लग्नाच्या वराती करायच्या म्हणून. पहिल्याच वरातीत उंट तहसील कचेरीसमोर रस्त्याच्या मधोमध बसतो आणि उठत नाही. मग उंट कोणत्या खात्याचा यावर कचेरीत फायली हलू लागतात. मामाची भाची, नववीतली, उंटाच्या वतीने अर्ज लिहिते. शेवटी कुणी पहिलं येत नाही.

मी ते आधी स्वतः वाचलं, अटी तपासायला. तिसऱ्या अर्जाला ऑफिसच्या डब्याच्या वेळेत मला ठसका लागला. आस्थापना विभागातल्या माणसाला तो अर्ज जास्तच कळतो.

पिशवी मी मैत्रीच्या टेबलावर नाही, कूलरच्या बाजूला ठेवली. दोन-तीन दिवस पिशवी तशीच. मग एका दुपारी मी स्वयंपाकघरात कैऱ्या किसत होते आणि बाहेरून आवाज आला. आधी वाटलं उचकी लागली. सुधाकरही त्यांच्या खोलीतून बाहेर आले.

"रडते का?" त्यांनी हळूच विचारलं.

"हसते."

"मग ठीक आहे," म्हणाले, पण गेले नाहीत. तिथेच उभे राहिले.

मैत्री कूलरसमोर फरशीवर उताणी पडली होती. पाय भिंतीवर वर टेकवलेले, पुस्तक दोन्ही हातांनी तोंडावर धरलेलं, ओढणी कुठेतरी. हसताना तिची टाच भिंतीवर आपटत होती. माझ्या ओठांवर 'नीट बसून वाच' आलं. ते माझं नव्हतं, आजोबांच्या आवाजातच आलं. मी कैरी किसत राहिले.

संध्याकाळी तिने आम्हाला उंटाचा अर्ज वाचून दाखवला. सुधाकरांनी तिला तो पुन्हा वाचायला लावला. त्या दिवशी ती पोटभर जेवली आणि वर डब्यातला गूळ शोधून खाल्ला. पिशवीतली बाकीची पुस्तकंही ती वाचू लागली. काही अर्ध्यात टाकली, "हे बोर आहे" म्हणून. अर्ध्यात टाकलं याचाही मला आनंद झाला. पाठ्यपुस्तक कुणी बोर म्हणून अर्ध्यात टाकत नाही.

मग तो फोन झाला. मी बाजूला मेथी निवडत होते.

"आज काय घेतलं, बेटा?"

"आज उंट घेतला."

"काय घेतला?"

"उंट. मामानं घेतला बाबा, सर्कशीतला." आणि ती पुन्हा हसायला लागली.

पडद्यावर राजूने विचारलं, "हे कोणत्या विषयात आहे?"

"कोणत्याच नाही. आत्यानं आणलं पुस्तक. लय भारी आहे."

"बरं," राजू म्हणाला. तो रागावलेला नव्हता. मास्तर समजून घेतात तसा त्याने थोडा विचार केला आणि मनापासून विचारलं, "मग त्या उंटातून काय घेतलं?"

मैत्रीचं हसू लगेच गेलं नाही. हळूहळू गेलं. ती म्हणाली, "विचार करून सांगते बाबा."

तिने खरोखर विचार केला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती टेबलाशी बसली होती आणि समोर उंटाचं पुस्तक, हातात पेन्सिल. नंतर खोली झाडताना मी ते उघडलं. उंट रस्त्यात बसतो त्या पानावर समासात तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं : सहनशीलता. अर्जांच्या पानावर : चिकाटी. मामाच्या नावासमोर : निर्णय घेण्यापूर्वी विचार. मी खोडरबर घेऊन बसले आणि पुन्हा ठेवून दिलं. माझ्या पुसण्याने काय पुसलं जाणार होतं.

त्याच आठवड्यात क्लासच्या चाचणीत ती मागे पडली. राजू आईला घेऊन आला आणि आमची बैठक भरली.

"ताई, मी पुस्तकाच्या विरोधात नाही," राजूने सुरुवात केली. "माझ्या घरी दुसरं आहे काय पुस्तकांशिवाय?"

"तुझ्या घरची सगळी पुस्तकं उभी आहेत गा. एक तरी पालथं पडलेलं दिसते का?"

"पालथं काहून पडीन?"

आईला माझं आणि राजूचं असं बोलणं चालत नाही. "काहून भांडून राहिले तुम्ही? पोरगी हासली तं काय बिघडलं?"

"हासली तं काहीच नाही बिघडलं, आई. मागं पडली, ते बिघडलं." मग तो माझ्याकडे वळला आणि त्याचा आवाज खाली आला. "आजोबा अंगठ्यावर होते. बाबानं जन्मभर राख खाल्ली. मी मास्तर झालो. आता ही डॉक्टर झाली तं होईन. आपल्याले मजा करायले वेळ कुठं आहे ताई, सांग ना तू."

भिंतीवर ज्या दोन तसबिरी आमच्यासारख्या प्रत्येक घरात असतात त्या आमच्याही घरात आहेत, आणि राजू त्यांच्याच खाली बसला होता. त्याचं चुकत असतं तर बरं झालं असतं.

सुधाकर सहसा बोलत नाहीत. ते म्हणाले, "राजूभाऊ, उंटाले जन्मभर बसू द्या म्हणून नाही राहिलो मी. रोज तासभर बसू द्या."

आई हसली. राजूही हसता हसता राहिला. मग त्याने मैत्रीलाच विचारलं, "तुले काय वाटते? तू सांग."

तिने आमच्या सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं. "पुस्तकं घेऊन जा बाबा. परीक्षा झाल्यावर वाचीन."

किती समजूतदार आवाजात म्हणाली. तिच्या वयाला मीही त्याच आवाजात बोलायचे आणि मोठी माणसं म्हणायची, पोरगी गुणाची आहे. पिशवी सावनेरला गेली. परीक्षा म्हणजे पुढची दोन वर्षं. नोंदीच्या शेवटी मी लिहिलं : ठराव सर्वानुमते मंजूर. खोटं काहीच नव्हतं त्यात. कुणीही विरोध केला नव्हता.

पाऊस आला, गेला. मैत्री पुन्हा वर आली, पहिल्या रांगेत बसू लागली. माझा शोध मात्र थांबला नाही. सुरू केलेलं काम मला सोडवत नाही, एवढंच त्याचं कारण असेल. ऑक्टोबरमध्ये दीक्षाभूमीवर गेले. दरवर्षी जाते. लांबून आलेली माणसं, डोक्यावर गाठोडं, हातात लेकरू, आणि पुस्तकांच्या दुकानांसमोर खांद्याला खांदा लावून उभी. धान्य भरावं तसं वर्षाचं वाचन भरून नेतात. ज्यांना स्वतःला वाचता येत नाही तेही नातवासाठी घेतात, पुस्तक कपाळाला लावून पिशवीत ठेवतात. या वेळी मी एका दुकानावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं, "काका, कॉलेजातल्या पोरांसाठी हसायचं काही आहे का?"

त्यांना आधी नीट कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"इथं हसायचं कोण घेईन, बाई?" ते म्हणाले. मागचं गिऱ्हाईक पुढे आलं, त्यांनी त्याला पुस्तक बांधून दिलं, आणि मी निघाले तेव्हा मला हाक मारून म्हणाले, "पण असाले पाहिजे. माह्या नातीले मी काय देऊ, मलेच समजत नाही."

आजोबांना पुस्तक उघडायचा हक्क मिळाला. ते झोपून वाचायचा, अर्ध्यात टाकायचा, त्यातून काहीच न घेता नुसतं हसायचा हक्क त्यातच येतो की नाही, हा विषय आमच्या घरच्या कुठल्याच बैठकीत निघाला नाही. मला वाटतं येतो. पण असं वाटताना मला आजोबांच्या डोळ्यांकडे बघता आलं असतं का, हे मला माहीत नाही. त्यांना एक ओळ वाचायला किती वेळ लागे ते मी पाहिलं आहे. बोट ओळीखाली ठेवून, ओठ हलवत. ओळ संपली की मान वर करून आमच्याकडे बघायचे. आता वाटतं, त्या बघण्यात मजा होती. त्यांनी कधी तिला ते नाव दिलं नाही.

वर्षभरात हळूहळू काही पुस्तकं जमली. एका मुलीचं, जिच्या आजीला फुटबॉलचं वेड आहे. एक चाळीतल्या चोराचं, जो चोरी करण्याऐवजी बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करून जातो. लिहिणारे आहेत, थोडे आहेत, आणि कुठल्यातरी खालच्या फळीवर आहेत. मी ती दिवाणखान्यात ठेवली, हाताला येतील अशी. रविवारी मैत्री झटकणी घेऊन त्यांच्यावरची धूळ काढते. परवा फुटबॉलवाल्या आजीचं चित्र तिने बराच वेळ बघितलं.

"घे ना," मी म्हटलं.

"परीक्षेनंतर आत्या." आणि पुस्तक होतं तिथे, सरळ, उभं ठेवलं.

कंगव्यात पुन्हा केस दिसू लागले आहेत. ती झोपते, जेवते, विचारलं की बोलते. पण ती चिवड्याचा कागद आता वाचत नाही. घडी करून कचऱ्यात टाकते. अजून एक वर्ष आहे. डॉक्टर होईलही. तोवर हसायचं कसं हे राखून ठेवता येतं का, की न वापरलेली गोष्ट विसरायला होते, याची मला रोज भीती वाटते.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, मग तिने आवाज बारीक केला. "तुले एक सांगते वं. राजूले म्हणू नको मी सांगितलं म्हणून."

"काय झालं?"

"तो ते उंटाचं पुस्तक वाचून राहिला. शाळेले सुट्ट्या हायत ना, तं दुपारी मागच्या खोलीत जाते अन् दार लोटून घेते. मी चहा घेऊन गेली, तं चटईवर उताणा पडून एकटाच हासून राहिला होता. मले पायलं अन् उठून बसला. पुस्तक मांडीखाली."

"काही म्हणाला का?"

"म्हणे, तपासून राहिलो."

आई हसत होती. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र मला राजूचा राग आला, आणि तो राग टिकेना. पन्नाशीला टेकलेला माणूस, स्वतःच्या घरात, दार लोटून. त्याला सहनशीलता आणि चिकाटी ही मैत्रीची समासातली अक्षरंही दिसली असतील. दिसल्यावर त्याने काय केलं असेल? वाचत राहिला, एवढं आईमुळे कळलं.

काल संध्याकाळचा फोन मी मुद्दाम जवळ बसून ऐकला.

"आज काय घेतलं, बेटा?"

मैत्रीने सांगितलं. रक्ताभिसरणातलं काहीतरी होतं, मुद्देसूद, कुठे न अडखळता.

"शाब्बास."

पडद्यावर राजू, पडद्यासमोर ती. त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मला वाटलं, आता म्हणेल. त्याने तोंड उघडलंही होतं.

"आणखी काही?" त्याने विचारलं.

"नाही बाबा."

"बरं. जेव मग."

मैत्रीला मी सांगितलं तर ती चुगली होईल, आणि आईला दिलेला शब्दही जाईल. शिवाय माझ्याकडून कळून उपयोग नाही. तिने पुस्तकं वडिलांच्या हातात दिली होती. वडीलही ती वाचून हसतात हे तिला वडिलांच्याच तोंडून ऐकायला पाहिजे. म्हणजे राजूशी बोलायला हवं, आईचं नाव न घेता. सुट्ट्या आहेत, दुपारी तो घरीच असतो. वाक्यही मी तयार केलं आहे : पुढच्या फोनवर तिला काही विचारू नको गा, तू काय वाचून राहिला ते तिले सांग.

आज दुपारी दोनदा नंबर काढला. लावलेला नाही.